एक मावशी, पाच कामं: सही करावी का?

पत्र

"सिस्टर, नमस्कार. मी सोलापूरच्या एका खासगी हॉस्पिटलात हाउसकीपिंगला आहे, ठेकेदाराच्या कंपनीकडून. सहा वर्षं झाली. त्याआधी आईसोबत घरी विड्या वळायचे. नववीपर्यंत शिकले. घरात तेलुगू बोलतो, मराठी येतं, कन्नडही येतं. आता कंपनीनं नवीन काढलंय. हाउसकीपिंग, आया, वॉर्डबॉय, जेवण वाटणारी असं वेगळं कुणी राहणार नाही म्हणे, सगळे मल्टीस्किल स्टाफ. म्हणजे फरशी आणि संडास-बाथरूम मीच, चादरी मीच, जेवणाची ट्रॉली मीच, पेशंट शिफ्टिंग मीच आणि लॅबला सॅम्पल न्यायचं तेही मीच. महिना दीड हजार वाढवून देणार. आम्ही चौघी होतो, दोघींनाच ठेवणार. सही केली नाही तर उद्यापासून येऊ नका, असं सुपरवायझर म्हणतो. मागच्या आठवड्यात बाथरूम धुऊन आले आणि लगेच जेवण वाटायला लावलं. एका पेशंटच्या सुनेनं ताट परत केलं, सगळ्यांसमोर बोलली. मला रडू आलं. पोरगा यंदा दहावीला आहे, पगार सोडता येत नाही. सही करू का नको? आणि ज्या दोघी जाणार त्यांच्या पोटावर मी पाय देतेय का?"

(अशोक चौक परिसरातल्या एक वाचक)

उत्तर

ताई,

वॉर्डात पाय ठेवल्या दिवसापासून तुम्ही सगळ्यांच्या मावशी झाला असाल, सत्तरीतल्या पेशंटच्याही. मीसुद्धा एकतीस वर्षं अशीच हाक मारत आले. आज मात्र ताई म्हणते. वॉर्डातली हाक वॉर्डात राहू दे, हे आपल्या दोघींचं बोलणं आहे.

सही करा. पण सुपरवायझर पेन पुढे करेल त्या क्षणी नको. आधी कागद घरी आणा, पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि मी खाली लिहिलेल्या गोष्टी त्यात आहेत का ते बघा. नसतील तर मागा. मिळाल्या तर हे काम तुमच्यासाठी वाईट नाही. सहा वर्षं तुम्ही पलंगाखालची फरशी पुसलीत, आता पलंगावरच्या माणसापर्यंत पोचाल. मी असं काम शिकलेल्या बायका पाहिल्या आहेत, त्यांना वॉर्डात मान मिळतो. पण काहीच ठरवून न घेता हो म्हणालात, तर दिवसभर पाच ठिकाणांहून हाका येतील आणि चूक झाली की पाचही जण तुमच्याकडे बोट दाखवतील.

ही मल्टीस्किलची कल्पना तुमच्या ठेकेदाराच्या डोक्यातून निघालेली नाही. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात अनेक रुग्णालयांनी सफाई करणारा, ट्रॉली ढकलणारा आणि जेवण वाढणारा यांची कामं एकाच माणसाकडे देऊन पाहिली. पुढे २००० साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची मोठी योजना जाहीर झाली. निम्म्या तरी रुग्णालयांत २००४पर्यंत वॉर्ड हाउसकीपर असावेत, असं तिच्यात ठरलं. त्या पदाचा सगळा अर्थ 'वॉर्ड' या शब्दात आहे. हा माणूस एका वॉर्डाचा आणि त्या वॉर्डच्या सिस्टरच्या हाताखालचा. पेशंट जेवला की ताट तसंच परत गेलं, पिण्याचं पाणी हाताला येईल असं ठेवलंय का, बाथरूमचा दिवा गेलाय का, ही सगळी त्याची नजर. एकाच ठिकाणी राहिल्यामुळे त्याला पेशंट ओळखू येतात, म्हणून त्यानं पाच कामं केलेली चालतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी यातली पाच कामं उचलली आणि तो एक वॉर्ड मागेच राहिला.

म्हणून तुमची पहिली मागणी हीच असू द्या: शिफ्टला वॉर्ड ठरलेला हवा आणि काम सांगणारी व्यक्ती एकच हवी, ती म्हणजे त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. तिसऱ्या मजल्यावरून, कॅज्युअल्टीतून, ओटीतून म्हणजे ऑपरेशन थिएटरातून कुणीही ओढून न्यायचं नाही. न्यायची वेळ आलीच तर सिस्टरला सांगून.

सोलापूरच्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको. दोन माग चालवणाऱ्याला चार माग दिले की टॉवेल जास्त निघतात, पण धागा तुटला तर तो नेमका दुसऱ्या टोकाला असतो. माग तरी धागा तुटल्यावर थांबवता येतो. वॉर्डात तसं होत नाही, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी तेव्हा एका मेडिकल वॉर्डला इन्चार्ज होते. संध्याकाळची शिफ्ट, तीस पेशंट, दोन सिस्टर आणि एकच मावशी, कारण दुसरीला ओटीत बोलावून घेतलं होतं. एका पेशंटला तातडीनं रक्त चढवायचं होतं. पिशवी आणायला मी मावशीला ब्लड बँकेत पाठवलं. अर्धांगातून हळूहळू सावरत असलेले एक आजोबा लघवीला उठले. रोज याच मावशी त्यांना हात धरून नेत. त्यांनी दोनदा हाक मारली, मग भिंत धरून एकटेच निघाले आणि बाथरूमच्या दारात पडले. खुब्याचं हाड मोडलं. चौकशीत पहिला प्रश्न मावशींना विचारला गेला: तुम्ही वॉर्डात का नव्हता? त्यांना मी पाठवलं होतं, हे मी तिथंच सांगितलं, लेखी दिलं. तरी त्या महिन्यात त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले. आजोबा पुन्हा चालताना मी पाहिले नाहीत. ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मावशींना पाठवताना "आजोबांकडे आता कोण बघणार?" एवढं एक वाक्य मी विचारायला हवं होतं.

तेव्हा वॉर्ड सोडण्याआधी मोठ्यानं सांगायची सवय लावून घ्या. "सिस्टर, मी सॅम्पल घेऊन लॅबला चालले, सहा नंबरच्या आजींना बाथरूमला न्यायचं राहिलंय." सिस्टर कामात असल्या तरी ऐकतात. आणि खिशात छोटी वही ठेवा: किती वाजता, कुठं, कुणी पाठवलं. तेलुगूत लिहिलं तरी चालेल. कुणी तुमच्याकडे बोट दाखवलंच तर ती वही उपयोगी पडेल.

आता त्या परत आलेल्या ताटाबद्दल.

बाथरूम धुतल्यावर त्याच कपड्यांत जेवण वाढायला लावणं ही चूक होती आणि ती चूक तुमची नव्हती. ज्यानं लावलं त्याची होती. जुलाब, उलट्या, जखमेतला पू, हे सगळं हातावरून आणि एप्रनवरून दुसऱ्या पेशंटच्या ताटापर्यंत जातं. मल्टीस्किलमध्ये सगळ्यात मोठा धोका हाच आहे आणि तो टाळायचा उपाय खर्चिक नाही. कामांचा क्रम लावायचा. शिफ्टच्या सुरुवातीला स्वच्छ बाजूची कामं: पाणी, नाश्ता, धुतलेल्या चादरी. मग वॉर्डची फरशी. संडास-बाथरूम, बेडपॅन, कचऱ्याच्या पिशव्या शेवटी. दुपारचं जेवण मध्येच येतं, तेव्हा शक्य असेल तिथं दोघींनी वाटून घ्यावं: आज जेवण एकीकडे तर बाथरूम दुसरीकडे, उद्या उलट. तुम्ही दोघीच राहणार असाल तर हे वाटप कागदावर हवंच, कारण एकटी माणूस अर्ध्या तासात दोन्ही बाजू सांभाळू शकत नाही.

ब्रिटनमध्ये २००७पासून सफाईच्या सामानाचे रंग ठरवून दिले आहेत: संडास-बाथरूमला लाल, वॉर्डला निळा, जेवणाच्या जागेला हिरवा, संसर्गाच्या खोलीला पिवळा. आपल्याकडेही पुष्कळ हॉस्पिटलं हे पाळतात. तुमच्याकडे वेगवेगळ्या रंगाचे मॉप आणि जेवणासाठी वेगळा एप्रन नसेल तर मागा. फक्त एक घोटाळा टाळा. हे रंग सामानाचे आहेत, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग वेगळे. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत लाल पिशवी सलाईनच्या नळ्या, कॅथेटर (लघवीची नळी), ग्लोव्ह्ज अशा प्लास्टिकची, पिवळी रक्तानं भरलेल्या कापसा-पट्ट्यांची, निळा डबा काचेचा आणि पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा सुयांचा. नवीन आलेल्या मुली इथंच गोंधळतात.

बेसिनपाशी चाळीस ते साठ सेकंद साबणानं हात धुवा, मनगटापर्यंत. बाटलीतल्या सॅनिटायझरवर प्रत्येक वेळी भागवू नका. हाताला घाण लागली असेल किंवा जुलाबाचा पेशंट असेल तर साबण-पाणीच लागतं.

पण त्या सुनेचं बोलणं फक्त एप्रनबद्दल होतं का? ती काय बोलली ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि मी विचारणार नाही. वॉर्डात मी ऐकलेलं आहे. "संडास धुणारीच्या हातचं" एवढ्यावर ते थांबत नाही, कुठल्या गल्लीतली, कुणापैकी, इथपर्यंत जातं. एप्रन का बदलला नाही, हा प्रश्न कुठल्याही पेशंटनं विचारावा, तो त्याचा हक्क आहे. धुतलेल्या हाताच्या, एप्रन बदललेल्या बाईच्या हातचं तिच्या जन्मामुळे किंवा कामामुळे नको म्हणणं हा हक्क कुणालाच नाही. असं पुन्हा झालं तर तुम्ही वाद घालू नका, रडूही नका. ट्रॉली तिथंच थांबवा आणि इन्चार्ज सिस्टरला बोलवा. उत्तर देणं त्यांचं काम आहे. मी अशा वेळी पलंगाशी उभी राहून सांगायचे, "यांनी हात धुतलेत, एप्रन बदललाय, या वॉर्डात जेवण याच वाढतात." दोन-तीनदा असं ठामपणे सांगितलं की वॉर्डाला कळतं. सांगायला कुणी उभं राहिलं नाही, तर ते ताट तुमच्या एकटीच्या अंगावर येतं. तुमच्या बाबतीत तेच झालं आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

आता शिकण्याच्या गोष्टी. पेशंट शिफ्टिंग म्हणजे ट्रॉली ढकलणं, एवढंच समजून कुणी तुम्हाला पाठवलं तर जाऊ नका, आधी दाखवा म्हणा. बेडवरून ट्रॉलीवर घेताना दोन्हीचे ब्रेक लावलेले हवेत आणि कमीत कमी दोन माणसं हवीत, खालची चादर धरून सरकवायचं, काखेत हात घालून ओढायचं नाही. कठडे वर. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहिली पाहिजे. ती पेशंटच्या पोटावर ठेवून नेणारे मी रोज पाहायचे, त्यानं लघवी उलटी जाते. पाय पुढे आणि डोकं ढकलणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे तुम्हाला चेहरा दिसत राहतो. ऑक्सिजनचा सिलिंडर स्टँडमध्ये असतो, पेशंटच्या पायांमध्ये नव्हे. सिलिंडरच्या वॉल्व्हला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही, दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. आणि एक्स-रेच्या बाहेर पेशंटला एकटं सोडून चहाला जायचं नाही, कितीही ओळखीचा टेक्निशियन असला तरी.

फिनेल, ॲसिड, हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक पाणी) यांचंही तसंच. संडासात ॲसिड ओतलेलं असताना वरून हायपो किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नका. क्लोरीन वायू सुटतो, डोळे जळतात, छाती भरून येते. बंद बाथरूममध्ये तर फारच वाईट. अधिक स्वच्छ होईल म्हणून दोन्ही टाकणाऱ्या कष्टाळू बायकाच यात सापडतात.

काही कामांना मात्र पूर्ण नाही म्हणायचं, शिकवतो म्हणाले तरी. सलाईनची बाटली बदलणं, बंद करणं, सुई काढणं, कॅथेटर काढणं, ऑक्सिजन कमी-जास्त करणं, गोळ्या देणं. ही मल्टीस्किल कामं नाहीत. ती सिस्टरची आहेत, त्यासाठी त्यांनी शिक्षण घेतलंय आणि नोंदणी केलीय. नातेवाईक रात्री दोन वाजता म्हणतील, "मावशी, सलाईन संपलंय, तेवढं बंद करा की ओ." तुम्हाला ते चक्र फिरवता येतं, मला माहीत आहे, सहा वर्षं तुम्ही पाहता आहात. तरी हात लावायचा नाही. धावत जाऊन सिस्टरला उठवायचं. सिस्टर चिडल्या तरी चालेल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत, ती मला सगळ्यात मोलाची वाटली. तेलुगू, मराठी, कन्नड. कंपनीच्या मल्टीस्किलच्या यादीत हे आहे का? नसणार. सोलापूरच्या दवाखान्यांत पेशंट अक्कलकोट-तुळजापूरचे असतात, तसे कर्नाटकातल्या इंडी, आळंद, अफझलपूरचेही असतात. पूर्व भागातल्या आज्या तेलुगूशिवाय दुसरं बोलत नाहीत. नवीन डॉक्टर लातूर-नगरकडून आलेले, सिस्टर कुठून कुठून आलेल्या.

आमच्याकडे आळंदच्या बाजूची एक म्हातारी होती. रात्रभर "उसिरु, उसिरु" म्हणत होती. आम्हाला वाटलं, उशीर झाला म्हणतेय, मुलगा यायचा राहिलाय म्हणून घाबरलीय. "येतील हो आजी" म्हणत सगळे पुढे जात होतो. पहाटे फरशी पुसायला आलेल्या मावशींनी मॉप खाली टाकला आणि माझ्याकडे पळत आल्या. "सिस्टर, ती उशीर म्हणत नाही, श्वास म्हणतेय. कन्नडात श्वासाला उसिरु." म्हातारीच्या फुप्फुसांत पाणी भरत चाललं होतं. ती वाचली. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांचं नाव होतं, माझी सही होती, मावशींचं नाव कुठेच नव्हतं.

म्हणून तुमच्या कागदावर ते येऊ द्या. पद, काम आणि "तेलुगू, कन्नड, मराठी बोलता येतं" असं स्पष्ट. कंपनीला हवी तेवढी कामं त्यांनी यादीत लिहिली, हे तुम्ही लिहायला लावा.

सुयांबद्दल थोडं गंभीरपणे बोलते. कचऱ्याच्या पिशव्या उचलणारीला सुई टोचते, कारण कुणीतरी ती पांढऱ्या डब्याऐवजी पिशवीत टाकलेली असते. पिशवी गळ्याशी धरायची, खालून आधार द्यायचा नाही, पायानं दाबायची नाही. पण टोचली तर? पिळायची नाही, तोंडात घालायची नाही. साबण-पाण्यानं धुवायची आणि लगेच सिस्टरला सांगायचं, शिफ्ट संपायची वाट बघायची नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, दोन तासांत मिळाली तर उत्तम आणि ७२ तासांच्या आत मिळालीच पाहिजेत. मग ती २८ दिवस घ्यायची. तुमच्याकडे सोय नसेल तर सिव्हिलच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, जा. सगळे एचआयव्हीला घाबरतात, पण तशा पेशंटची सुई टोचूनही तो होण्याची शक्यता हजारात साधारण तीन. हिपॅटायटिस बीची कावीळ मात्र, लस घेतली नसेल तर, शंभरात सहापासून तीसपर्यंत लोकांना होऊ शकते. आणि त्यावर लस आहे. तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही आणि धनुर्वाताची लस देणं, कामाला लागताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण देणं, वर्षातून एकदा तपासणी करणं, हे २०१६च्या त्याच नियमांनी हॉस्पिटलवर बंधनकारक केलं आहे. ठेकेदाराचा माणूस म्हणून तुम्हाला त्यातून वगळता येत नाही. सहा वर्षांत तुम्हाला लस मिळाली का? तुमच्या पत्रात तो शब्दच नाही, म्हणून मला काळजी वाटते.

पैशांचं. दीड हजाराची वाढ मूळ पगारात धरली जाणार की "भत्ता" म्हणून वेगळी दाखवणार, हे विचारा. भत्ता उद्या काढून घेता येतो. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला मागा. त्यात पीएफची १२ टक्के आणि ईएसआयची (कामगार विम्याची) पाऊण टक्का कपात दिसली पाहिजे. बारा हजारांवर पाऊण टक्का म्हणजे नव्वद रुपये. त्या नव्वद रुपयांत तुमच्यासकट घरातल्यांचा दवाखाना येतो, आणि ड्युटीवर सुई टोचून किंवा घसरून पडून घरी बसावं लागलं तर पगाराच्या साधारण नव्वद टक्के भरपाई येते. ईएसआय कार्ड हातात नसेल तर ते आधी. पीएफचे पैसे खरंच भरले जातात का, हे पोराला मोबाइलवर उमंग ॲपवर तुमच्या यूएएन नंबरनं, म्हणजे पीएफच्या नंबरनं, बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त थांबवलं तर दुप्पट दर. आणि ठेकेदारानं पगार थकवला तर तो द्यायची जबाबदारी शेवटी हॉस्पिटलवर येते, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनचं तत्त्व आहे. "आमचा संबंध नाही, कंपनीला विचारा" असं कुणी म्हटलं तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज देता येतो.

अर्ज अवघड नसतो. पोराला साधा कागद घ्यायला सांगा आणि असं लिहा: "मला नवीन कामं शिकायची तयारी आहे. कृपया माझा वॉर्ड, माझी कामं, कामांचा क्रम आणि वेळ लेखी द्यावी. प्रत्येक नव्या कामाचं प्रशिक्षण आधी द्यावं. जेवण वाटपासाठी वेगळा एप्रन द्यावा. हिपॅटायटिस बीची लस द्यावी. वाढीव रक्कम मूळ पगारात धरावी." खाली सही, तारीख. दोन प्रती. एकीवर पोच घ्या. एक प्रत हॉस्पिटलच्या मेट्रनना, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांना, द्या, फक्त सुपरवायझरला नको. पहिल्याच वाक्यात तुम्ही तयारी दाखवलीय, त्यामुळे "काम नाकारलं" असं म्हणायला जागा राहत नाही.

आणि शक्य असेल तर त्यावर चौघींच्या सह्या घ्या. त्या दोघींच्यासुद्धा.

त्यांच्याबद्दल तुम्ही विचारलंत, ते वाचून मी बराच वेळ थांबले. ताई, चारच्या दोन कुणी केल्या? तुम्ही नाही. तुम्ही सही केली नाही तरी त्या राहणार नाहीत, तुमच्या जागी तिसरी येईल. त्यामुळे पोटावर पाय देण्याचं ओझं उचलू नका. पण त्यांच्यासाठी करण्यासारखं काही आहे आणि ते तुम्हीच करू शकता, कारण तुम्ही आत राहणार आहात. त्यांना पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशोबानं. मध्येच कंपनीचं नाव बदललं असेल तर "तुमची सेवा नव्यानं मोजली" असं सांगून टाळतील. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्रं, पीएफचं पासबुक एकत्र करून ठेवायला त्यांना आजच सांगा. शेवटच्या दिवशी कोऱ्या राजीनाम्यावर सही घेतात, ती करू नका म्हणावं. आणि चार जणींचं काम दोघींकडून होत नाही हे महिन्याभरात वॉर्डाला दिसेल. तेव्हा तुमची ती वही काढा आणि इन्चार्ज सिस्टरला दाखवा: या तारखेला जेवण वाटताना मला तीन वेळा बाहेर पाठवलं, या रात्री बेडपॅनला वीस मिनिटं लागली. मी इन्चार्ज असताना अशी वही माझ्या हातात कुणी दिली असती तर ती घेऊन मी थेट वरच्या मीटिंगमध्ये गेले असते. माणूस वाढवून मागायला आम्हाला आकडे लागतात आणि ते आकडे फक्त तुमच्याकडे असतात.

पुढचं शिक्षण हवंच असेल तर जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे पेशंटची देखभाल करणारा मदतनीस, या कोर्सची चौकशी करा. आधीच काम करणाऱ्यांचा अनुभव धरून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची पद्धतही आहे. दहावी राहिली म्हणून अडेल असं वाटत असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. पोराची पुस्तकं पुढच्या वर्षी घरात पडूनच असतील.

पण ते नंतर. सोमवारी ड्युटीवर गेलात की सगळ्यात आधी मेट्रनच्या ऑफिसात जाऊन लशीचं विचारा, अर्जाच्याही आधी. पहिला डोस ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी तारीख त्या वहीत लिहा आणि मलाही दोन ओळी पाठवा.

तुमची,
सिस्टर